मदत हवी आहे: वेल्समधल्या शिक्षिका-मंत्र्यांवर लेख, दोन शब्दांपाशी अडलोय

नमस्कार मंडळी. जेन डेव्हिडसन यांच्यावर छोटा लेख लिहितोय. आधी शिक्षिका, मग १९९९ मध्ये पहिल्याच वेल्श असेंब्लीत लेबर पक्षाच्या सदस्य. २००० ते २००७ शिक्षणमंत्री, पुढे २०११ पर्यंत पर्यावरणमंत्री. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवणारी 'फाउंडेशन फेज' त्यांच्याच काळात आखली गेली. (वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच हे सुचणार, असं आपलं माझं मत!) दुकानातून मिळणाऱ्या, एकदाच वापरायच्या पिशवीमागे किमान ५ पेन्स आकारायचा वेल्सचा नियमही त्यांनीच मार्गी लावला, तो ऑक्टोबर २०११ पासून लागू झाला.

आता अडचण. त्यांचा मतदारसंघ Pontypridd आणि त्या असेंब्लीचं आजचं नाव Senedd, असं रोमनमध्ये लिहायचं नाहीये. वेल्शमध्ये शेवटच्या जोडाक्षराचा उच्चार इंग्रजी 'दॅट'मधल्या पहिल्या ध्वनीसारखा होतो. मग 'सेनेद' लिहू की 'सेनेध'? आणि 'डिव्होल्यूशन'ला (ब्रिटिश संसदेने वेल्ससारख्या भागांकडे काही अधिकार सोपवणं) काय म्हणावं? 'विकेंद्रीकरण' म्हटलं की आपल्याला पंचायत राज आठवतं. तिकडे राहणारं किंवा भाषांतर करणारं कुणी आहे का इथे?