दोन खाती जोडून लेव्हल वाढवणं: याला खेळणं म्हणायचं का?

नौपाड्याचा_टँक:
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात २००८ साली मित्राला आणण्याची योजना आली. मित्राचं नवं खातं आपल्याशी जोडायचं. दोघं एकाच पार्टीत, जवळजवळ असले की ६०व्या लेव्हलपर्यंत तिप्पट एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण. नव्या खात्याने दोन लेव्हल कमावल्या की आपल्या जुन्या खात्यातल्या एखाद्या खालच्या लेव्हलच्या कॅरेक्टरला (पात्राला) एक लेव्हल भेट देता यायची. ९० दिवस हे चालायचं. पण आमच्या ठाण्याच्या टोळीतले बरेच जण मित्र आणायचेच नाहीत. दुसरं खातंही स्वतःचंच, स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत, पहिल्याच्या मागे आपोआप चालेल असं फॉलोवर लावलेलं.

आमच्या गिल्डमधल्या (खेळाडूंच्या गटातल्या) एका भिडूने त्याचं पहिलंवहिलं कॅरेक्टर, एक प्रीस्ट, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा, असाच वर नेला. डन्जनमध्ये (गटाने लढायच्या गुहेत) पहिल्याच बॉसला त्याचा मॅना, म्हणजे मंत्रांची शक्ती, संपला. मी टँक म्हणून समोर मार खातोय आणि याला बरं करणारा कुठला हील कधी टाकायचा तेच माहीत नाही. चिडलो नाही, वाईट वाटलं. जे शिकायचं ते ज्या लेव्हलांत शिकतात, त्याच त्याने वगळल्या होत्या. एकट्याने दोन खाती जोडणं मला साफ नामंजूर आहे.

घणसोली_रात्रपाळी:
दादा, पहिल्या कॅरेक्टरचं म्हणाल तर मान्य. पण माझं चौथं होतं. तेच रानडुक्कर मारा, तीच दहा कातडी आणा, किती वेळा? रात्रपाळी करून सकाळी ट्रान्सहार्बर लोकलने घरी यायचो, झोपायच्या आधी मिळायचा जेमतेम तास. दोन खात्यांचे पैसे दर महिन्याला मीच भरले. योजना कंपनीची, नियम कंपनीचे. यात मी कोणाचं काय लुबाडलं?

नेरूळची_हीलर:
मी खरोखर धाकट्या भावाला आणलं होतं. तो वाशीला हॉस्टेलवर, मी घरी, आणि एकमेकांना खेळात समन करून बोलवायचो. तो काळ मला अजून प्रिय आहे. पण तिप्पट एक्सपीने आमचंही नुकसानच केलं. एखाद्या भागाची गोष्ट रंगात यायची आणि तोवर उरलेल्या क्वेस्ट (कामगिऱ्या) करड्या पडलेल्या, म्हणजे आमच्या लेव्हलला फारच सोप्या झालेल्या असायच्या. भावाने तर अर्धे प्रदेश पाहिलेच नाहीत. ६०ला पोचला आणि महिन्याभरात कंटाळून सोडून गेला. त्यामुळे खरा मित्र असला की सगळं बरोबर, हेही मला पटत नाही.

नौपाड्याचा_टँक:
ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वेग दोघांनाही बाधतो, खरं आहे.
घणसोली, लुबाडलं नाहीत. पण हिशोब बघा: ६०ला पोचलेलं खातं जवळपास ३० लेव्हल वाटू शकायचं. म्हणजे तिशीतलं कॅरेक्टर जागेवर उभं राहून साठीच्या आसपास. त्या तीस लेव्हलांत एरवी तुम्ही कोणाच्या तरी ग्रुपमध्ये असता. रस्त्यात भेटलेल्या नवख्याला हात देता. त्या वाटा ओस पडल्या. कंपनीनेही पुढे २०२० मध्ये एक कळ दाबून अनेक खाती हलवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी घातलीच ना?

घणसोली_रात्रपाळी:
ती बंदी सॉफ्टवेअरवर. अनेक खाती ठेवण्यावर नाही. दोन्हींची सरमिसळ करू नका. मी हातानेच खिडक्या बदलायचो.

नौपाड्याचा_टँक:
बरोबर, ते उदाहरण मागे घेतो. चौथ्या कॅरेक्टरचा कंटाळाही समजतो.

नेरूळची_हीलर:
मला विचाराल तर खरा उपाय २०१९ मध्ये आला. जुनी योजना २०१८ मध्ये बंद झाली होती. पुढच्या वर्षी नवी आली, तिच्यासोबत पार्टी सिंक आलं. त्यात वरच्या लेव्हलचा खेळाडू खाली उतरून मित्राच्याच क्वेस्ट करतो. नवख्याला ओढत वर न्यायची गरजच नाही. हे दहा वर्षं आधी असतं तर भाऊ टिकला असता असं मला मनापासून वाटतं.

घणसोली_रात्रपाळी:
भावासाठी चांगलं आहे ताई. पण एकट्या माणसाच्या चौथ्या कॅरेक्टरला त्याचा काय उपयोग? मी पुन्हाही दोन खातीच जोडेन.

नौपाड्याचा_टँक:
जोडा. फक्त पहिलं कॅरेक्टर पायी चालवा, एवढं नव्या पोरांना सांगत जा. मी तर सांगणारच.