जुनं कर्ज अंगावर घेताना
घर घेताना विकणाऱ्याचं जुनं गृहकर्जच पुढे चालवायचं, 'हप्ते वेळेवर गेले की बँक कशाला विचारतेय', असं काहीजण म्हणतात; पण ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत बहुतेक गृहकर्जांत 'घर विकलं की सगळं कर्ज एकदम फेडा' असं कलम असतं आणि १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यामुळे बँकेला ते वापरता येतं. व्याजदर चढलेले असताना जुनं स्वस्त कर्ज परत मागण्यात तिचा फायदाच की! कर्जाला एफएचए या सरकारी संस्थेचा विमा किंवा व्हीए या माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याची हमी असेल, तर मात्र मंजुरी घेऊन ते रीतसर आपल्या नावावर करता येतं. फक्त घराची किंमत आणि शिल्लक कर्ज यांतला फरक आपल्याला उभा करावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. विकणाऱ्याने तर जबाबदारीतून मुक्त केल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय किल्ली देऊच नये.