शब्दचर्चा: टॉमी, एक्टॉमी, ऑस्टॉमी आणि आपलं चिरणं-कापणं

आमच्या इमारतीतल्या काकूंच्या भावाचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर दोन शब्द होते, 'हेमिकोलेक्टॉमी' आणि 'कोलॉस्टॉमी'. काकूंनी विचारलं, "दोन्हीचा अर्थ आतडं कापलं असाच ना? मग दोनदा कशाला लिहिलंय?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर शब्दांच्या शेपटात आहे.

ग्रीकमध्ये 'टोमे' म्हणजे काप. नुसतं 'टॉमी' आलं की समजायचं, चीर देऊन उघडलं. लॅपरॉटॉमी म्हणजे पोट उघडणं; काढलं काय, शिवलं काय, ते त्या शब्दात नाही. त्याच्या आधी 'एक्', म्हणजे 'बाहेर', लागला की 'एक्टॉमी' होते: कापून काढून टाकलं. अपेंडिक्स, गर्भाशय, स्तन, पित्ताशय यांच्या शस्त्रक्रियांची नावं अशीच संपतात. 'ऑस्टॉमी'तला 'स्टोमा' मात्र निराळा, त्याचा अर्थ तोंड. कोलॉस्टॉमीत आतड्याला पोटाच्या भिंतीवर तोंड करून देतात आणि मळ बाहेरच्या पिशवीत जमा होतो. ट्रेकिऑस्टॉमीत तेच श्वासनलिकेचं. म्हणजे काकूंच्या भावाच्या आतड्याचा एक भाग काढला आणि उरलेल्याला नवं तोंड केलं. दोन वेगळ्या गोष्टी, म्हणून दोन शब्द.

'टोमे'चे नातेवाईक आपण शाळेपासून ओळखतो. अनॅटॉमी म्हणजे कापून उलगडणं, अॅटम म्हणजे जो कापला जात नाही तो. आपल्याकडे हेच काम 'छिद्' धातूने केलंय. शवविच्छेदन, परिच्छेद, उच्छेद आणि अपूर्णांकात अंशाच्या खाली बसणारा छेद, सगळे त्याचेच. कात्रीचं घराणं वेगळं. संस्कृत 'कृत्'वरून कर्तरी, तिची झाली कात्री, आणि मग कातरणं, कात्रण. बोलताना आपण सिझेरियनचं 'सिझर' करतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की त्यात इंग्रजी कात्री आहे. तसं नाही. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून हे नाव पडलं, ही गोष्टही टिकत नाही; त्याची आई त्याच्या जन्मानंतर कित्येक वर्षं हयात होती आणि त्या काळात पोट चिरल्यावर बाई सहसा वाचत नसे.

आता मराठीकडे. 'कट'च्या जागी सरसकट 'कापणे' वापरायची सवय लागली आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भाजी विळीवर चिरतात, सुपारी अडकित्त्याने कातरतात, ऊस तोडतात, द्राक्षाची वेल छाटतात, लाकूड तासतात, खोबरं खवतात. मंडईत लाल भोपळा आधी फोडतात आणि मग गिऱ्हाईकाला हवी तेवढी फोड कापून देतात. प्रत्येक क्रियापदात हत्यार कोणतं, ते कसं चालतं आणि शेवटी हातात काय उरतं हे सगळं असतं. चिरणं म्हणजे धार ओढत नेणं. छाटणं म्हणजे नको ते काढून मूळ राखणं. फोडणं म्हणजे आतलं बाहेर येणं. गळू फोडतात, चिरत बसत नाहीत, असं घरातली जुनी माणसं म्हणतात ते यामुळेच.

सुश्रुतसंहितेत हा भेद शास्त्र म्हणून मांडला आहे. शस्त्रकर्मं आठ: छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण, सीवन. छेदन म्हणजे कापून वेगळं करणं, आपल्या 'एक्टॉमी'जवळचं. भेदन म्हणजे चिरून उघडणं, 'टॉमी'जवळचं. लेखन म्हणजे खरवडणं; 'लिख्'चा जुना अर्थ ओरखडणं हाच, लिहिणं त्यातूनच आलं. एषण म्हणजे सळईने शोध घेणं, आहरण म्हणजे आतलं ओढून काढणं. शिष्यांच्या सरावाची सामग्रीही कर्मागणिक वेगळी. छेदन शिकायचं कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांवर. भेदन शिकायचं पाणी किंवा चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. एकात घट्ट गर, दुसऱ्यात भरलेली पोकळी. हाताला फरक कळला की शब्दातलाही कळतो. आणि एका जागी तर संस्कृत शब्द ग्रीकपेक्षा नेमका आहे: शिरेतून रक्त काढण्याला 'फ्लेबोटॉमी' म्हणतात, म्हणजे शीर कापणं, पण आज तिथे टोचतातच फक्त. सुश्रुताचा शब्द आहे सिराव्यध, शीर टोचणं.

पुण्यात ही चर्चा करताना कावसजीला विसरून चालणार नाही. इंग्रजी फौजेतला हा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकीकत छापून आली. पद्धत अशी: नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवायचा, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी उचलायची. पण दोन भुवयांमधली पट्टी तोडायची नाही, कारण रक्तपुरवठा तिच्यातूनच चालतो. कातडी वळवून खाली आणायची, कडा चिरीत बसवायच्या, वर काथाचा लेप द्यायचा. सांधा धरला की मगच ती पट्टी कापायची. लंडनमध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये हीच रीत वापरली. इथे कापणं आहे, चिरणं आहे, उचलणं आहे आणि एक ठरवून न तोडणंही आहे. या सगळ्याला मिळून 'कातडी कापून लावली' म्हटलं तर त्या कारागिराचं मुख्य कसब, म्हणजे ती राखलेली पट्टी, वाक्यातून गळून जाते.

म्हणूनच मला वाटतं, संमतीपत्रांच्या मराठीत 'उच्छेदन', 'छिद्रीकरण' असे जड शब्द घालण्यापेक्षा 'पोट चिरून उघडणार', 'आतड्याचा भाग काढून टाकणार', 'आतड्याला पोटावर तोंड करणार' असं लिहावं. सही करणाऱ्या नातेवाइकाला काय उरणार आणि काय जाणार, ते लगेच कळेल. काकूंना मी हेच सांगितलं, तर त्यांनी पुढचाच प्रश्न विचारला, "मग ते तोंड पुढे बंद करतात का?" काहींचं करतात, काहींचं कायम ठेवतात; त्यांच्या भावाचं काय ते डॉक्टरच सांगतील. पण योग्य प्रश्न त्यांना सुचला.

एक विचारायचं आहे. ज्वारीच्या पिकाला कुणी काढणी म्हणतं, कुणी कापणी, कुणी सोंगणी. तुमच्या गावी कोणता शब्द चालतो, आणि ताट मुळासकट उपटलं तर त्याला निराळं क्रियापद आहे का?