फोटोत फक्त पडदा हलता ठेवायचाय, कसं जमवावं?

खिडकीपाशी: नमस्कार मंडळी. आजी खिडकीत बसून वाचते, तिचा असा फोटो करायचाय की बाकी सगळं स्तब्ध आणि बाजूचा पडदा तेवढा हळूच हलतोय, हलतच राहतोय. याला सिनेमाग्राफ म्हणतात इतपत शोध लागला. काल तीन तास घालवले. दर फेरीला पडदा टुणकन उडी मारून जागेवर येतो आणि आजीचं डोकंही किंचित थरथरतं. फोन आहे, जुना लॅपटॉप आहे, ट्रायपॉड नाही. खर्च करायचा नाहीये. अजिबात नाही.

लोखंडीतिपाई: आधी चांगला ट्रायपॉड घ्या. मी हलका घेतला होता, पहिल्याच वाऱ्यात कॅमेऱ्यासकट आडवा झाला. मग जड घेतला. सात वर्षं झाली, जागचा हलत नाही.

खिडकीपाशी: खर्च नाही हो :)

मिररलेसप्रेमी: फोनवर हे जमणार नाही. मी मागच्या वर्षी मिररलेस कॅमेरा घेतला, ४के, सेकंदाला ६० फ्रेम्स. दोन्हींतला फरक डोळ्यांना सांगावा लागत नाही.

रात्रपाळी: ६० फ्रेम्स कशाला? पडदा आहे, घोडा नाही. २५-३० पुष्कळ झाल्या.
धागाकर्ती, पुस्तकांच्या चवडीला फोन टेकवा, पुढूनमागून काहीतरी जड लावा. बटण दाबताना धक्का बसतोच, म्हणून सुरुवातीचे आणि शेवटचे काही सेकंद कापून टाका. व्हिडिओ स्टॅबिलायझेशन बंद करा. फोन दगडासारखा ठेवला तरी ते चित्र आतल्या आत सरकवत बसतं. तुमच्या आजीची थरथर बहुधा तीच. शिवाय फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. पडदा सरकला की खोलीतला उजेड बदलतो, फोन आपणहून भरपाई करतो, आणि मग हलता भाग नि स्थिर भाग यांच्या सीमेवर लुकलुक दिसते.

लोखंडीतिपाई: पुस्तकं घसरतात. माझा अनुभव आहे.

हलतीपानं: एवढा खटाटोप कशाला? एकाच फोटोवर बोटानं बाण ओढले की हलायला लागतो, अशी अ‍ॅप्स आहेत. मी धबधबा केला, झकास झाला. पडद्यावर मात्र कापड रबरासारखं ताणलं गेलं आणि खिडकीची चौकटही वितळल्यासारखी वाहू लागली. त्यात फुकटचे दिवस संपल्याचं लक्षात राहिलं नाही आणि वर्षाचे पैसे कापले गेले. अ‍ॅपचं नाव घेत नाही, उगाच डोक्याला ताप.

रात्रपाळी: म्हणजे पैसे गेले, पडदा बिघडला, आणि तरी सुचवताय?

हलतीपानं: धबधबा चांगला झाला होता, असं म्हटलं मी.

जुनाजाणता: अवांतर: सिनेमाग्राफ हे नाव २०११ मध्ये जेमी बेक आणि केव्हिन बर्ग यांनी रूढ केलं, न्यूयॉर्क फॅशन वीकच्या त्यांच्या चित्रांमुळे. ती गिफमध्येच होती, म्हणजे हलत्या चित्रांच्या जुन्या फाइल-प्रकारात. गिफ १९८७ चं आहे आणि एका फ्रेममध्ये रंग फक्त २५६, त्यामुळे भिंतीवरच्या सावलीचे पट्टे पडतात. तेव्हा शेवटी एमपी४ काढा, फाइलही लहान होते.

शब्दखोर: गिफ नाही, जिफ. कर्ता स्टीव्ह विल्हाइट २०१३ मध्ये पुरस्कार घेताना स्वतः सांगून गेला.

जुनाजाणता: बाप नाव ठेवतो, हाक गावच मारतं.

मिररलेसप्रेमी: जिफच. आणि कॅमेरा फुल फ्रेमच.

काचेचाडोळा: मंडळी, पडद्याकडे वळूया का? उडीवर दोन उपाय आहेत.
पहिला, तुकडा सरळ चालवून मग उलटा चालवायचा. झोपाळा, लोलक, पडदा यांना चालतं. धूर किंवा नळाचं पाणी असं उलटवलं तर लहान मूलही पकडेल. यात कापायची जागा महत्त्वाची. पडदा पुरता फुगून परतायच्या बेतात असतो, तिथे त्याचा वेग संपलेला असतो. सुरुवात आणि शेवट दोन्ही अशाच क्षणी ठेवा, म्हणजे वळताना हिसका बसत नाही.
दुसरा, शेवटचा अर्धा सेकंद विरत विरत सुरुवातीवर चढवायचा. पाण्याला, ज्वाळेला उत्तम. पडदा फुलाफुलांचा असेल तर मात्र फुलं दुहेरी दिसतील.
मास्क मास्क म्हणून घाबरवतात ते एवढंच: एक फ्रेम निवडा, तिच्यातला पडदा खोडा, आणि भोक पडलेलं ते चित्र व्हिडिओवर ठेवा. गिम्प हे चित्रं संपादायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तिथे फ्रेम्स थरांसारख्या उघडतात. तुकडा दोन-तीन सेकंदांचाच ठेवा, नाहीतर जुना लॅपटॉप धापा टाकेल. पडद्याची सावली आजीच्या खांद्यावर पडते का तेही पाहा. पडदा हलतोय आणि सावली चिकटून बसलीय, हे फार विचित्र दिसतं.

वाटसरू: वाखूत (वाचनखुणांत) ठेवतो. मला मांजरीचं शेपूट करायचंय.

रात्रपाळी: मांजर तीन सेकंद बसली तर कळवा.

लोखंडीतिपाई: मूळ मुद्दा ट्रायपॉडचाच आहे.

खिडकीपाशी: चार दिवसांनी आले. काचेचाडोळा, रात्रपाळी, खूप आभार. स्टॅबिलायझेशन बंद केल्यावर थरथर गेली. पण पडदा काही मनासारखा हलेना. पंखा लावला तर पुस्तकाची पानं उडायला लागली आणि आजी वैतागली. शेवटी व्हिडिओ बघताना लक्षात आलं की ती ओळीखालून बोट फिरवत वाचते. मग पडदा गोठवला आणि बोट हलतं ठेवलं. उलटं चालवून पाहिलं, तर आजी शेवटाकडून वाचू लागली! विरवलं तर बोटं दोन झाली. शेवटी काहीच केलं नाही. ओळ संपली की बोट तसंही उडी मारून डावीकडे येतं, कापलंय नेमकं त्या उडीवर. आता ती तीच ओळ वाचत बसलीय. तिला दाखवलं, तर म्हणाली, "पुढचं पान कधी उलटणार मी?"

काचेचाडोळा: पडदा सोडलात ते पटलं नाही. बोट छोट्या स्क्रीनवर कुणाला दिसणार?

खिडकीपाशी: मला दिसतं.

लोखंडीतिपाई: छान झालंय. खिडकीची चौकट जरा तिरकी आलीय, पुस्तकांवर ठेवलं की असंच होतं.