मदत हवी आहे: ढग वाकडा उतरते, दोर कोणता घ्यावा?

धानकरी:
परवा मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक हाय आमच्या गावात, गडचिरोलीतल्या वडस्याच्या इकडं. दुसऱ्या अंकात वरून ढग उतरवाचा हाय. काल तालमीत एका अंगानं आधी खाली आला अन् झटके खाल्ले. दोर कोणता घ्यावा, लवकर सांगा.

रंगीत_पडदा:
वजन किती? ओढते कोण? आत्ता कोणता दोर आहे?

धानकरी:
प्लायचा हाय, पंचवीसेक किलो असंन. दोन पोट्टे दोन बाजूनं ओढतेत. दोर विहिरीचा, नायलॉनचा.

शेतातला_फिटर:
नायलॉन ताणते, म्हणून झटके. चेन कप्पी लावा. बोअरची मोटार मी तिच्यानंच काढतो.

रंगीत_पडदा:
चेन कप्पीनं ढग उतरेपर्यंत अंक संपेल! शिवाय खडखडाट.

जुना_प्रेक्षक:
आमच्या वेळी ढग-बिग नव्हते जी. बंडी जुंपून दंडार, आपलं जुनं लोकनाट्य, पाहाले जायचो. आता अर्धं नाटक डान्सच. अन् माइक स्पीकरच्या पुढं ठेवू नका, शिटी वाजते.

नेपथ्यवाला:
ढग टांगलाय कशावर, ते कोणीच विचारलं नाही.

धानकरी:
मंडपाच्या आडव्या बांबूले, दोन कप्प्या बांधून. मजबूत हाय. काल पोट्टा बसला तरी मोडला नाही.

रंगीत_पडदा:
कोणता पोट्टा??

धानकरी:
कृष्ण. ढगात कृष्ण बसते ना. सातवीतला हाय, तीसेक किलो.

नेपथ्यवाला:
भाऊ, हे आधी सांगायचं. कप्पीवरून दोर खाली ओढला की बांबूवर ढगाचं वजनही येतं आणि ओढण्याचा जोरही. म्हणजे ५५ किलोचे ११० झाले, झटक्यात त्याहून जास्त. तो बांबू कापड धरायला बांधलेला आहे. विहिरीचा दोर उन्हानं कुजलेला असतो, त्यात गाठ मारली की ताकद निम्म्यावरही येते. माणूस टांगायला अंगावरचा पट्टा, वेगळा दोर, तपासलेला सांगाडा आणि जाणकार माणूस लागतो. परवापर्यंत यातलं काही होत नाही. पोराला ढगात बसवू नका.

शेतातला_फिटर:
चेन कप्पी अर्ध्या टनाची हाय, पोट्टा काय चीज!

नेपथ्यवाला:
कप्पी धरेल हो, बांबू धरेल का?

धानकरी:
मंडळात सांगितलो. कृष्ण आता पायीच येईन. पोट्टा रडून राह्यला. पण रिकाम्या ढगाले तरी दोर कोणता?

नेपथ्यवाला:
नवा पॉलिएस्टरचा, कमी ताणतो. मंडपाला हात न लावता जाड बल्ल्यांची वेगळी चौकट करा, चारही बाजूंनी ताण द्या. दोन्ही दोर एका कडीत आणून एकानंच ओढायचं, मग वाकडा येणार नाही. उतरताना खाली कोणी नको, कृष्णही नको.

धानकरी:
वडस्यात भेटंन का पॉलिएस्टर?

शेतातला_फिटर:
चेन कप्पी माझ्याजवळ हाय, घेऊन जा.