मदत हवी आहे: पत्री सरकारवर नववीचा प्रकल्प, आणि शेजारच्या घराचं काय करू?

येरळाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही पलूस तालुक्यातले. लेक नववीत आहे. 'आपल्या भागातील स्वातंत्र्यलढा' यावर आठ पानं लिहायची आहेत. तिने पत्री सरकार घेतलं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीत सातारा भागात भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार. त्याचं केंद्र कुंडल हाकेच्या अंतरावर असल्यावर दुसरं काय घेणार म्हणा!

गाइडमधलं सगळं उतरवून झालंय. ३ सप्टेंबर १९४२ चा तासगावचा मोर्चा, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवलेली पगाराची गाडी, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी. अडचण पुढे आहे. माझी आजी एक्क्याण्णव वर्षांची आहे, तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिने पोरीला सांगितलं, "पायाला पत्रं ठोकायचं गं, घोड्याला नाल मारत्यात तसं." आणि कुणाला, तेही सांगितलं. त्या माणसाचे नातू आमच्याच गल्लीत राहतात. रोज चहा होतो आमचा.

पोरीला नावासकट लिहायचंय. बाईंनी वहीत शेरा मारलाय, "पुरावा?" आता एक तर पत्रा खरंच ठोकत होते का ते सांगा. दुसरं, तिला काय सांगू?

कऱ्हाडी:
पत्र्याचं एवढं मनावर घेऊ नका. मूळ शब्द प्रतिसरकार. लोकांच्या तोंडी 'प्रति'चं 'पत्री' झालं, आणि शब्दाला साजेशी गोष्ट मागून चिकटली. तळपायावर काठीचे फटके मात्र देत. गोष्ट जितकी भयंकर तितका दरारा जास्त, त्यामुळे ती खोडून काढायची कुणाला घाईही नसावी. पोरीला दोन्ही लिहू दे: काय घडायचं आणि लोक काय सांगतात.

मास्तर_सातारा:
कऱ्हाडींना एक जोड देतो. नुसत्या मारहाणीवर आठ पानं भरू नका. न्यायदान मंडळं, सावकारीला आळा, दारूबंदी, कमी खर्चातली गांधी लग्नं, हे सगळं त्यातच येतं. हा मुलूख आधीपासून सत्यशोधकांचा, खुद्द जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. जमीन ऐन वेळी नांगरलेली नव्हती.

आणि नकाशा काढताना घोळ होतो, तो टाळा. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ ला दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव १९६० चं. कुंडल तर औंध संस्थानात होतं. इंग्रजांच्या पोलिसांना हद्द ओलांडताना विचार करावा लागे, हे मुलं कधीच लिहीत नाहीत.

वाळव्याची_लेक:
मी तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून नाक खुपसते. शिक्षा द्यायचा अधिकार यांना कुणी दिला, हा खरा प्रश्न आहे आणि नववीच्या पोरीला तो झेपतो. १९४४ ला गांधीजी सुटले आणि भूमिगतांनी उघडपणे पुढे यावं असं त्यांनी सांगितलं. नाना पाटील आले नाहीत. दोघांच्या बाजूने एकेक पान लिहायला लावा. नाव कशाला हवंय? नाव टाकलं की तो इतिहास उरत नाही, गल्लीतलं भांडण होतं.

कऱ्हाडी:
नाव गाळलं की उद्या म्हणतील गोष्टच बनावट. 😀

येरळाकाठ:
सगळ्यांचे आभार. पण प्रकरण वेगळीकडेच गेलंय. काल रात्री पोरीने आजीला विचारलं, "त्यांना मारलं कशापायी?" आजी म्हणाली, "गहाणाचं रान सोडत न्हवता."
"कुणाचं रान?"
"आपलंच की. वड्याकडचं."

ओढ्याकडच्या त्याच रानात आज माझा ऊस उभा आहे. चाळीस वर्षं मी ते आज्ज्याच्या कष्टाचं समजत होतो. पोरगी माझ्याकडे बघत बसली. म्हणजे नाव लिहायचंच तर दोन लिहावी लागतील, आणि दुसरं आमचं.

मास्तर_सातारा:
आता बाईंच्या शेऱ्याचं उत्तर सापडलं. गहाण फिटलं असेल तर फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या वहीत, नोंद पडलेली असणार. आताचा गट नंबर नाही, जुना सर्व्हे नंबर सांगा. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळेल. मोडीत असला तर फोटो टाका, वाचून देतो. नोंद नाही सापडली तरी शोधलं कुठं-कुठं ते पोरीला लिहू दे, त्यालाही गुण असतात.

वाळव्याची_लेक:
नावाबद्दलचं माझं म्हणणं थोडं मागे घेते. शेजारच्यांना आधी विचारा.

येरळाकाठ:
सोमवारी तहसीलला जातोय, पोरगीही येते म्हणाली. शेजारी आज चहाला आले होते. दोनदा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा उसाच्या दरावर बोललो.