‘प्रायोगिक भाजणी’ नको, मग काय?

एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहितेय. मलमांची चाचणी घेण्यासाठी भूल दिलेल्या उंदराच्या पाठीवर ठरावीक मापाची, ठरावीक खोलीची भाजल्याची जखम करतात. ती पद्धत सगळ्या प्रयोगशाळांत एकसारखी कशी करायची, हा विषय. ‘बर्न मॉडेल’ला मी ‘प्रायोगिक भाजणी’ लिहिलं. आईने वाचून विचारलं, थालीपीठं कधी? आणि ‘स्टँडर्डाइज्ड’ला ‘प्रमाणित’ चालेल का?

*

‘प्रमाणित’ नको. ती शिक्का मारलेली प्रत. इथे कुणी दाखला देत नाहीये, मापं पक्की करायचीत. प्रमाणभाषा, प्रमाणवेळ, तशी ‘प्रमाण पद्धत’. क्रियेला ‘प्रमाणीकरण’. मॉडेलला मॉडेलच राहू दे. ‘प्रतिकृती’ म्हटलं की थर्माकोलचा किल्ला आठवतो.

*

माझा आक्षेप ‘भाजणे’लाच आहे. भाजलं कशाने? वॉकर आणि मेसन यांच्या १९६८च्या पद्धतीत साच्याच्या खिडकीतून पाठीचा मोजका भाग उघडा ठेवून तो उकळत्या पाण्यात धरतात. किती टक्के त्वचा, ते साचा ठरवतो. हे पोळणं झालं. १९९२ साली रेगास आणि एर्लिच यांनी तापवलेली पितळी फणी वापरली. दात्यांखालची त्वचा मरते, मधले पट्टे आधी जिवंत असतात, आणि औषधाने ते वाचतात का हे पाहायचं असतं. हा चटका. पाण्यातून आणि धातूतून उष्णता सारखी शिरत नाही, शिवाय फणीला दाब किती दिला तेही सांगावं लागतं. दोन्हीकडे ‘भाजणे’ लिहून नेमका हाच फरक पुसायचा?

*

पोळायला पाणीच लागतं असं कुणी सांगितलं? उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय पोळतातच की. आणि चटका बसला की हात आपोआप मागे येतो. धातू २० सेकंद टेकवून धरला तर आमच्याकडे त्याला ‘डाग देणे’ म्हणतात, गुरांना देतात तसा.

*

वेळेचा मुद्दा बिनतोड. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ साली दाखवलं, की ४४ अंश सेल्सिअसला त्वचा जायला सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांना काही सेकंद पुरतात. म्हणून क्रियापद कुठलंही घ्या, शेजारी तापमान, वेळ आणि दाब हवेतच. खोलीसाठी सुश्रुतसंहितेतले प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध हे शब्द वापरायचा मोह होईल, पण आवरा. ते डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवरून केलेले भेद आहेत. इथे खोली त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवतात.

*

मग ‘दाहजखमेचं मॉडेल’?

*

त्याच निबंधात पुढे ‘इन्फ्लमेशन’ येईल, तेव्हा ‘दाह’ कुठून आणशील? ‘भाजल्याच्या जखमेचं मॉडेल’ लिही. लांब आहे, पण थालीपीठ होत नाही. आणि पद्धत सांगताना, पाण्याने असेल तिथे ‘पोळवून’.